डबा भरायला शेवटच्या होडीपासून सुरुवात करा

प्रश्न जालन्याच्या एका ताईंचा आहे. औद्योगिक वसाहतीत त्यांचा हातपंपांचा छोटा कारखाना आहे. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशातल्या एका संस्थेनं त्यांच्याकडे ६० हलके हातपंप, त्यांचे पीव्हीसी पाइप आणि दोन वर्षांचे सुटे भाग मागितलेत. माल साधारण १४ घनमीटर, वजन साडेपाच टन. पोचवायचाय ओनोतोआ नावाच्या बेटावर. मुंबईच्या दोन फॉरवर्डरनी (माल पोचवायची सोय करून देणाऱ्यांनी) ‘तारावापर्यंत देतो’ म्हणून भाव दिला, तिसऱ्यानं परत फोन केला नाही. ताई विचारतात, भाव कुणाचा घ्यावा, डबा म्हणजे कंटेनर पूर्ण घ्यावा की दुसऱ्यांच्या मालात घालून पाठवावा, आणि ग्राहकाला किती दिवसांचा शब्द द्यावा?

ताई, भाव आधी बाजूला ठेवा. मी ते आकडे पाहिलेले नाहीत, पण दोन्ही अर्धवट आहेत एवढं न बघताच सांगतो. त्यांनी तारावाचं सांगितलं आणि तुमचा माल तर ओनोतोआला जायचाय. लातूरच्या पाहुण्याला परभणीत उतरवून ‘आलं बघा तुमचं गाव’ म्हणावं, तसला प्रकार. ज्या तिसऱ्यानं फोन केला नाही, तो कदाचित तिघांत जास्त प्रामाणिक असेल.

मी या धंद्यात २४ वर्षं आहे. सुरुवात माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत, कागदाच्या फायली इकडून तिकडं नेणारा पोरगा म्हणून. पुढं वाळूज-शेंद्र्याचे सुटे भाग, जालन्याचं बियाणं, स्टीलची भांडी असं बरंच काही बाहेर धाडलं. हॅम्बुर्ग किंवा मोम्बासाला माल पाठवताना आपण कारखान्याच्या दारापासून विचार सुरू करतो, कारण पुढं क्रेन, ट्रेलर, गोदाम सगळं आहेच. बेटाचं काम उलट्या बाजूनं मोजायचं असतं. शेवटच्या होडीतून तो माल कोण उचलणार, कशानं उचलणार, तेव्हा भरती असेल का ओहोटी, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागं मागं येत जालन्याच्या दारापर्यंत पोचायचं. पॅकिंग, डबा, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढलेल्या मालाची पावती), विमा, तारीख सगळं त्यातूनच निघतं.

तर शेवट कसा आहे ते बघू. किरिबाटीत ३३ बेटं आहेत, गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन अशा तीन गटांत विखुरलेली. तारावा गिल्बर्ट गटात. तिथलं बंदर बेटिओ, आणि मोठं जहाज येतं ते तिथं. ओनोतोआ त्याच गटात पण दक्षिणेला, विषुववृत्ताच्या खाली. ही कंकणासारखी प्रवाळबेटं आहेत. भोवती प्रवाळाचा कठडा, आत उथळ पाणी. अशा बाहेरच्या बेटावर तुमच्या-माझ्या कल्पनेतला धक्का नसतो. बेटांमधली छोटी बोट बाहेर थांबते, माल होडीत उतरतो, होडी भरतीच्या वेळी आत येते आणि माणसं गुडघाभर खाऱ्या पाण्यातून खोकी खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर येतात. क्रेन नाही, फोर्कलिफ्ट नाही.

आता तुमच्या पॅकिंग यादीकडे या चित्रातून बघा. दीडशे-दोनशे किलोची लाकडी पेटी तिथं कोण उचलणार?

याचा फटका मी स्वतः खाल्लाय, तोही माझ्याच चुकीनं. बारा-तेरा वर्षांपूर्वी हिंदी महासागरातल्या एका बेटावर जनरेटर पाठवला होता. पेटी १,८०० किलोची, छान मजबूत, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. मोठ्या बंदरात काही अडचण आली नाही. पुढच्या छोट्या बेटावर पडावातून धक्क्यावर घ्यायला फक्त हाताची साखळी-पुली, आणि तिची ताकद एक टनाची. शेवटी भर पावसात पडावातच पेटी फोडली, जनरेटर सुटा केला आणि तुकड्या-तुकड्यानं वर घेतला. अल्टरनेटरमध्ये पाणी गेलं ते गेलंच. ग्राहकाला मी पाच वेळा विचारलं होतं, ‘पत्ता बरोबर आहे ना?’ उचलणार कशानं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून नग २५ ते ३० किलोच्या वर जाऊ देऊ नका. आणि वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वाटणी. कारखान्यात सोयीचं म्हणून आपण सगळ्या दांड्या एका पेटीत, सगळे सिलिंडर दुसऱ्या पेटीत, नटबोल्ट तिसऱ्यात भरतो. होडीतून एक पेटी पाण्यात गेली की साठच्या साठ पंप लंगडे. तसं करू नका. एक पंप म्हणजे एक पूर्ण संच: डोकं, दांडा, सिलिंडर, बोल्ट, पाना, सगळं एका बांधणीत. एक नग गेला तर एक पंप जाईल, बाकी ५९ चालतील. सुटे भागही दोन वेगळ्या पेट्यांत, निम्मे निम्मे. पाइपांच्या मोळ्या माणसाला खांद्यावर पेलतील एवढ्याच.

पाइपांचं आणखी एक. बाजारात पीव्हीसी पाइप सहा मीटरचा येतो, आणि वीस फुटी डबा आतून सहा मीटरला थोडा कमीच भरतो, पाच मीटर नव्वदच्या आसपास. दारात पाइप आडवा धरून उभे राहिलेले कारखानदार मी पाहिलेत. मग घाईघाईत कापाकापी, आणि कापलेल्या टोकांना आटे नाहीत, सॉकेट नाहीत. तीन मीटरचेच बनवा, जोड कारखान्यात तपासा. होडीतही तीन मीटरच बरा.

हे सगळे छोटे नग जालना ते बेटिओपर्यंत सुटे नेऊ नका, हेही लगेच सांगतो. तिथवर ते पॅलेटवर बांधून, वर प्लॅस्टिक गुंडाळून, पट्ट्या मारून जाऊ द्या. बेटिओत डबा रिकामा झाल्यावर पॅलेट फुटतील आणि नग होडीला तयार असतील. मार्का प्रत्येक नगावर दोन बाजूंना, पाण्यानं न जाणाऱ्या रंगात आणि मोठ्या अक्षरात मारा: बेटाचं नाव, ‘किती पैकी कितवा’, आणि घेणाऱ्याचं नाव. कागदी लेबल खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

बेटाच्या नावाबद्दल जपून राहा. तिथल्या भाषेत ‘टी’ आणि ‘आय’ ही अक्षरं एकत्र आली की उच्चार ‘स’सारखा होतो. म्हणून देशाचं नाव कागदावर किरिबाटी, बोलताना किरिबास. तिथंच किरितिमाती नावाचं बेट आहे, त्याचा उच्चार होतो ख्रिसमस! आणि ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं एक वेगळं ख्रिसमस आयलंड आहे, ते हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला. आमच्याच ऑफिसातल्या एका मुलानं एकदा फोनवर ऐकलं तसं बुकिंगमध्ये टाइप केलं आणि सिस्टीमनं ऑस्ट्रेलियाचं बेट उचललं. बीएलचा मसुदा तपासताना सापडलं म्हणून वाचलो. बरं, किरितिमाती हे किरिबाटीतलंच म्हणून ‘तारावाला उतरवू, पुढं बघू’ म्हणाल तर दोघांत तीन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आहे. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक, सामोआ आणि अमेरिकन सामोआ याही अशाच जोड्या. सामोआनं तर २०११ च्या शेवटी वाररेषा ओलांडून ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, त्यामुळे शेजारच्या अमेरिकन सामोआत आणि तिथं तारीखसुद्धा वेगळी असते. थोडक्यात, फोनवरचं नाव कागदावर घेऊ नका. ग्राहकाकडून देश, बेट, बंदर असं तिन्ही लिहून मागवा आणि बंदराचा पाच अक्षरी संकेत फॉरवर्डरकडून पडताळून घ्या.

आता मार्ग. न्हावा शेव्यावरून तारावाला थेट जहाज नाही. माल आधी सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगसारख्या मोठ्या बंदरात उतरतो. तिथून एक वाट दक्षिणेची, फिजीतल्या सुवा किंवा लौटोकावरून, नाहीतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवरून. दुसरी उत्तरेची, कोरियातल्या बुसानवरून. शेवटच्या टप्प्यात प्रादेशिक जहाज असतं, ज्याच्या डेकवर स्वतःची क्रेन असते, कारण लहान बंदरांत उंच गॅन्ट्री क्रेन नसतात. ही जहाजं थोडी आणि त्यांच्या फेऱ्या लांब लांब. एक चुकली की पुढची कित्येक आठवड्यांनी.

म्हणून फॉरवर्डरला भाव विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. शेवटच्या जहाजाचं बुकिंग तुम्ही आत्ता करता की माल फिजीत पोचल्यावर? बेटिओपर्यंत एकच बीएल देणार का, आणि ती जहाज कंपनीची की तुमची स्वतःची? मध्ये माल ज्या देशात थांबेल तिथं तो ‘ट्रान्झिट’ म्हणून नोंदला जाईल ना? पहिल्या प्रश्नावर जो ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणेल, त्याचा भाव कितीही कमी असला तरी सोडा. माल सुवाच्या गोदामात पडून राहतो, भाडं चढत जातं आणि फोन उचलणारं कुणी नसतं. तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ट्रान्झिटऐवजी फिजीची आयात म्हणून नोंद झाली तर तिथल्या कस्टमसमोर तुम्हाला उभं राहावं लागेल, आणि तुमचा तिथं कुणी माणूस नाही.

डबा पूर्ण घ्यावा की इतरांच्या मालात घालावा? वीस फुटी डब्यात ३३ घनमीटर मावतं, तुमचं १४. हिशोबानं सुट्या मालाचा भाव स्वस्त दिसेल. सुट्या मालाला टन किंवा घनमीटर यातलं जे जास्त त्यावर आकारणी होते, म्हणजे तुम्हाला साडेपाचवर नाही, १४ वर. तरीही तो आकडा पूर्ण डब्यापेक्षा कमीच येईल. पण बेटांच्या बाबतीत सुटा माल वाटेत दोनदा-तीनदा डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरला जातो. प्रत्येक वेळी एखादा नग मागं राहायची, चेपायची, चुकीच्या बेटाला जायची संधी. युरोपला एक नग मागं राहिला तर पुढच्या आठवड्यात येतो. इथं तो कधी येईल याचा नेम नाही.

माझं मत पूर्ण डब्याचं आहे. त्यातही एक जास्त चांगली सोय सांगतो, फार लोक वापरत नाहीत. जहाज कंपनीचा डबा भाड्यानं घेण्याऐवजी एक जुना पण धड डबा विकतच घ्या. त्याच्यावर सीएससीची, म्हणजे डबा सुरक्षित असल्याची, पाटी असते, तिची मुदत चालू आहे ना ते बघा. बुकिंग करताना ‘शिपरचा स्वतःचा डबा’ असं सांगायचं. फायदा असा, की कंपनीचा डबा रिकामा करून ठरलेल्या दिवसांत परत द्यावा लागतो, नाहीतर डिटेन्शनचं, म्हणजे उशिराच्या दंडाचं, मीटर दिवसागणिक पळतं. बेटिओत जागा नाही, बोट आली नाही, पाऊस आहे, असं काहीही झालं तरी मीटर थांबत नाही. स्वतःचा डबा असेल तर तो तिथंच राहू द्या, संस्थेला गोदाम म्हणून कामी येईल. फक्त डब्याची किंमतही इन्व्हॉइसमध्ये आणि शिपिंग बिलात (कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात) दाखवा, नाहीतर कस्टम विचारेल, हा डबा परत कधी येणार?

राहिलेल्या १९ घनमीटर जागेचं काय? ग्राहकाला विचारा, आणखी काही हवंय का. पाण्याच्या टाकीची फिटिंग, नळ, गटारीचे पाइप. भाडं डब्याचं आहे, आत हवा भरून पाठवली तरी तेवढंच. वजनाची भीती नाही, साडेपाच टन माल, वर डब्याचे स्वतःचे सव्वादोन टन, म्हणजे छोट्या क्रेनलाही जड नाही. चाळीस फुटी मात्र नको, कितीही स्वस्त मिळाला तरी.

आता अशा गोष्टीवर येतो जिच्याकडे मराठवाड्यात कुणी लक्ष देत नाही: माती. आपली काळी माती. पावसाळ्यात कारखान्याच्या आवारात डबा आला की त्याच्या खालच्या चौकटीत, कोपऱ्यांच्या भोकांत, ट्रेलरच्या टायरवरून उडून चिखल भरतो आणि सिमेंटसारखा वाळतो. बेटांवरचे लोक या मातीला आपण सापाला घाबरतो तसे घाबरतात. कारण मातीत बी असतं, मुंग्या असतात, गोगलगायीची अंडी असतात. छोट्या बेटावर बाहेरची एखादी कीड शिरली की आवरत नाही. फिजी, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया ही वाटेतली ठिकाणं तर जैवसुरक्षेबाबत फारच कडक आहेत. डबा अडवतील, धुवायला लावतील, धुरी द्यायला लावतील आणि बिल तुमच्या नावावर. म्हणून डबा गेटबाहेर जायच्या आधी प्रेशरच्या पाण्यानं खालून-वरून धुवा आणि फोटो काढून ठेवा. आमचा एक ट्रेलरवाला वैतागून म्हणाला होता, ‘साहेब, लगनाला न्यायचाय का डबा, एवढा धुवायलेत?’ मी म्हटलं, तसंच समज.

लाकडाचंही तसंच. पॅलेट आणि पेट्यांचं लाकूड आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णता दिलेलं हवं, म्हणजे गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं. त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, भारताचा संकेत आणि प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक असतो. तो शिक्का प्रत्येक पॅलेटवर दिसला पाहिजे. गावातल्या सुताराकडून चार फळ्या आणून आतल्या आधाराला ठोकल्या, त्यावर शिक्का नाही, असं फार होतं. त्या चार फळ्यांपायी सगळा डबा अडतो. आणि पेंढा, भुसा, जुनं गोणपाट आत अजिबात नको. गोणपाटात धान्याचा खापरा भुंगेरा लपतो, भारतातून येणाऱ्या मालात ही कीड शोधणं हे त्या देशांचं नेहमीचंच काम आहे. भरावाला फोम किंवा कोरडा नवा पुठ्ठा वापरा.

उन्हाळ्यात भरणार असाल तर घामाचाही विचार करा. मे महिन्यात जालन्यात ४२ अंशात बंद झालेला डबा समुद्रावर रात्री गार होतो, आतल्या हवेतलं पाणी छताला लागतं आणि थेंब थेंब खाली पडतं. धातूच्या भागांना तेल किंवा ग्रीस लावा, गंज अडवणाऱ्या कागदात गुंडाळा, आणि डब्यात ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा. स्टेनलेस स्टील असेल तरी बोल्ट तपासा. बहुतेक कारखान्यांत पंप स्टेनलेसचा आणि बोल्ट साधा असतो. खाऱ्या हवेत पहिला तोच जातो.

कागदपत्रांत तुमच्यासाठी नवं थोडंच आहे. आयईसी (निर्यातदाराचा क्रमांक), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या बँकेचा संकेत) बंदरावर नोंदलेला, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), हे असेलच. हातपंपाचा एचएस कोड (कस्टमचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ८४१३२० पासून सुरू होतो, पाइप आणि सुटे भाग वेगळ्या ओळींवर लिहा, सगळं ‘हातपंप संच’ म्हणून एका ओळीत कोंबू नका. कारखान्यातच डबा भरून इलेक्ट्रॉनिक सील लावा आणि समृद्धीवरून थेट न्हावा शेव्याला पाठवा. चारेकशे किलोमीटरचा रस्ता आहे, कटऑफच्या, म्हणजे बंदरात डबा घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, दोन दिवस आधी निघा. माळीवाड्यावरून रेल्वेनंही जाता येतं, पण बेटाच्या मालाला एका आठवड्याचं जहाज चुकणं परवडत नाही, म्हणून मी रस्ता धरतो. भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन द्यावंच लागतं, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे, अंदाजानं लिहू नका.

एक कागद मात्र नीट समजून घ्या, बीएल. मूळ बीएलच्या तीन प्रती कुरिअरनं तारावाला पाठवायच्या ठरवल्या तर माल आधी पोचेल आणि कागद नंतर. तोवर माल सुटणार नाही. संस्थेकडून पूर्ण पैसे आगाऊ घ्या आणि बीएल इथंच सरेंडर करा, म्हणजे जहाज कंपनीला परत द्या, किंवा तिच्याऐवजी सी-वेबिल (मूळ प्रत न दाखवता माल सुटतो अशी पावती) घ्या. मग तिथं मूळ कागद लागत नाही. पैसे आगाऊ मिळत नसतील तर हा मार्ग वापरायचा नाही, कारण एकदा सरेंडर केली की मालावरचा तुमचा हात सुटला. संस्था असल्यामुळे आगाऊ मागायला लाजू नका, त्यांच्याकडे मंजूर निधी असतो. किरिबाटीत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, तेव्हा भाव त्यात द्यायचा की अमेरिकन डॉलरमध्ये हे आधी बँकेशी बोलून ठरवा.

भाव कुठपर्यंतचा द्यावा? ओनोतोआच्या किनाऱ्यापर्यंतची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. बेटांमधल्या बोटीचं वेळापत्रक तुम्ही जालन्यातून हलवू शकत नाही. मी असतो तर सीआयपी बेटिओ, म्हणजे तिथवरचं भाडं आणि विमा धरून, असा भाव दिला असता आणि पुढच्या बोटीचं काम संस्थेच्या माणसाकडे ठेवलं असतं, पण त्याचं नाव आणि बोटीची तारीख करारात लिहून घेतली असती. सीआयएफ आणि सीआयपी सारखेच वाटतात, पण २०२० च्या इन्कोटर्म्सप्रमाणे (विक्रीच्या आंतरराष्ट्रीय अटींप्रमाणे) सीआयएफमध्ये विमा किमान दर्जाचा चालतो, सीआयपीमध्ये सर्वांत व्यापक लागतो. बेटाला व्यापकच हवा. आणि पॉलिसीत शेवटचं ठिकाण म्हणून ओनोतोआ लिहून घ्या. एरवी शेवटच्या बंदरात माल जहाजावरून उतरल्यापासून ६० दिवसांनी विमा संपतो, आणि बोटीची वाट बघत तुमचा माल बेटिओत ६० दिवस पडून राहणं अशक्य नाही. विमा एजंट म्हणेल, ‘हे कुठलं बेट, सिस्टीममध्ये नाही.’ हाताने टाका म्हणा.

विमा हवाच याचं आणखी एक कारण आहे. जहाजावर आग लागली, जहाज वाचवायला खर्च झाला, तर तो खर्च त्या जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांत वाटला जातो. तुमच्या डब्याला धक्का लागलेला नसला तरी. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळालं ते आठवत असेल. विमा असेल तर हे झंगट विमा कंपनी बघते, नसेल तर हमी भरल्याशिवाय माल हातात येत नाही.

आता दिवस. माझा ठोकताळा आहे, जालन्यातून बेटिओपर्यंत तीन महिने. दोन महिन्यांत गेला तर पेढे वाटा. त्यावर ओनोतोआपर्यंतचे किती, ते तिथला माणूस सांगेल, तुम्ही सांगू नका. किरिबाटी विषुववृत्तावर असल्यामुळे चक्रीवादळ तिथं थेट क्वचितच जातं, पण वाटेतल्या फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळाचा हंगाम. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन वादळानं फिजीला झोडपलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये पाम वादळ वानुआतूवर आलं आणि त्याच्या लाटा तुवालू आणि दक्षिण किरिबाटीपर्यंत पोचल्या. म्हणून शक्य असेल तर माल असा काढा की फिजीचा टप्पा मे ते ऑक्टोबरमध्ये पडेल. ग्राहक घाई करेल. करू द्या.

ग्राहक घाई का करतो तेही कळतं मला. आपल्याकडं २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २०११ मध्ये, किरिबाटीचा शेजारी तुवालूत पाणी संपलं आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. या बेटांवर पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं, विहिरी उथळ असतात आणि जास्त उपसलं की खारं वर येतं. हे माझं क्षेत्र नाही, पण ग्राहकानं हलके पंपच मागितले याचं कारण तेच असावं. तुमच्या गावच्या नावाचा ‘जालना पंप’ एकेकाळी होता, इंडिया मार्क-२ या हातपंपाच्या आधी, तो खोल बोअरसाठी. तो तिथं पाठवायचा मोह झाला असेल तर आवरा.

सुट्या भागांपैकी वॉशर, सील, झडपा या हलक्या चिजांचा एक छोटा संच जहाजाच्या मालात घालूच नका, तो विमानानं पाठवा. तारावाच्या बोनरिकी विमानतळावर फिजीमार्गे माल जातो. विमानात ६,००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात, म्हणून खोकं लहान आणि गच्च भरलेलं ठेवा. पंप पोचले आणि एका वॉशरपायी बसलेत, असं नको.

तेव्हा भावांचं असं करा. दोन्ही फॉरवर्डरना वरचे तीन प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तर लेखीच मागा. त्याआधी संस्थेला विचारा: बेटांमधल्या बोटीत एक नग किती किलोचा चालतो, पाइप किती लांबीचा चालतो, बेटिओत डबा उतरल्यावर ठेवायला जागा कुठं आहे, आणि आमच्या मालाची वाट बघणारा माणूस कोण. फोन करणार असाल तर सकाळी लवकर करा. तारावा आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं आहे, आपले दहा वाजले की तिथं साडेचार वाजलेले असतात, आणि शुक्रवारी त्या वेळेला ऑफिसात कुणी सापडणार नाही.